पदराची जागा

उधना या कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या खान्देशी मंडळाच्या सभागृहावर एक खोली आहे. दुपारची पाळी सुरू होऊन गल्ली जराशी शांत झाली की तिथे गोपाल भामरे यांचा वर्ग भरतो. दारावर खडूने नुसते ‘डिझाइन’ असे लिहिलेले असते आणि दमट हवेत तेही पुसट होत जाते. आत मात्र एका जुन्या शास्त्राचे अध्ययन चालते. समतोल म्हणजे काय, प्रमाण कशाला म्हणावे, एका रंगाच्या शेजारी दुसरा येऊन बसला की दोघांचेही स्वभाव कसे पालटतात, हे गोपालराव मिलकामगारांच्या मुलामुलींना समजावून देतात.

त्यांची साधने घरगुती. समतोल शिकवायचा असला की ते टेबलाच्या मध्याजवळ पपई ठेवतात आणि पार कडेला एक लिंबू. “पपई जड, लिंबू हलकं. तरी टेबल कलल्यासारखं वाटतं का? लांब उभं राहिलं की लहानालाही वजन येतं.” धडा संपला की पपई कापली जाते, त्यामुळे समतोलाची उजळणी करावी अशी विनंती वर्गातून वारंवार होत असते. सुंदराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारणींना सांगतात, “आमच्या घरात फळं आधी शाळेत जातात.”

या वर्गाआधी गोपालरावांनी उभे आयुष्य साडीची नक्षी रेखाटण्यात घालवले होते. कुंचल्याचे काम संगणकाने घेतले तेव्हा ते घरी बसले आणि घरी बसणे त्यांना मानवले नाही. मंडळाची खोली मिळाली, मुले जमली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आले. पण खोली उसनी होती. श्रावणाच्या तोंडावर मंडळाचे अध्यक्ष बाबुराव, ज्यांना सारा मोहल्ला अण्णा म्हणतो, जिना चढून वर आले.

“गोपाल, मंडपाचं सामान ठेवायला जागा नाही. खोली लागेल.”

“मग वर्ग कुठे न्यायचा, अण्णा?”

अण्णांनी भिंतीवरची चित्रे न्याहाळली. “असं कर. यंदाचा कानबाईचा फलक तुझ्या पोरांना करू दे. चौकात शोभला तर खोली तुमची, सामानाचं मी बघतो. नाहीतर नको. आणि कार्यकारिणीचा एकही फोटो गळता कामा नये. मागच्या वर्षी खजिनदार राहिला, तो अजून माझ्याशी बोलत नाही.”

कानबाई हे खान्देशी घरांचे श्रावणातले दैवत. श्रीफळाला डोळे, कुंकू, नथ आणि साज चढवून तिची स्थापना होते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत ती तापीवर जाते. तिच्या फलकाचे काम आले म्हणताच वर्ग हरखला. हर्षदा नावाची हुशार मुलगी, जिचे वडील जवळच्या सचिन वसाहतीतल्या एका साडीछपाईच्या कारखान्यात आहेत, तिने सर्वांआधी नमुना करून आणला.

नमुना देखणा होता. नथ ल्यालेले श्रीफळ बोटभर आकाराचे होते आणि फलकभर बुट्ट्यांसारखे पसरले होते. मधल्या जागांत कार्यकारिणीचे चेहरे, तेही तेवढेच. देवी आणि खजिनदार यांत नजरेला काही भेद उरला नव्हता.

“यात आधी काय बघायचं, हर्षदा?”

“काहीही बघा, सर. सगळं सारखंच आहे.”

मागच्या बाकावरून अमित म्हणाला, “मग खजिनदाराची पण ओटी भरायची का?”

वर्ग खळाळून हसला. हर्षदा लाल झाली, पण हटली नाही. “सर, पप्पा म्हणतात, कापडावर काही उठून दिसलं की माल परत येतो.”

गोपालराव खडू घेऊन उत्तर द्यायला वळले. पण मुलीचे म्हणणे खरे होते. साडीच्या अंगावर नक्षीचा एक चौकोन शेजारच्या चौकोनात इतका बेमालूम मिसळावा लागतो की जोड कळू नये. एखादी बुट्टी किंचित गडद झाली, तर कापडाच्या अख्ख्या थानभर तिचीच रेघ उमटते. स्वतः गोपालरावांनी हयातभर जे जे उठून दिसले ते ते पुसले होते. चित्रात एक गोष्ट मुख्य असावी आणि इतरांनी तिची बूज राखावी, हे तत्त्व त्यांना शब्दांनी ठाऊक होते. हात मात्र उलट्या वळणाचे झाले होते. आणि हीच मुले उद्या फलक करणार होती.

हर्षदाच पुन्हा म्हणाली, “पण सर, पदर उठून दिसतो. तो तर कोणी परत पाठवत नाही.”

गोपालरावांनी खडू खाली ठेवला. “बैस,” ते म्हणाले, “उद्या साडी घेऊन येतो.”

सुंदराबाईंनी लग्नातला शालू पेटीतून काढून दिला, पण बजावून. “खडूचा डाग पडला तर तिकडेच जेवा.” दुसऱ्या दिवशी तो टेबलावर उलगडला आणि मुलांनी जन्मापासून पाहिलेली वस्तू प्रथमच पाहिली. अंग शांत, काठ शिस्तीचे, आणि सारे वैभव पदराशी येऊन थांबलेले. अंग असे निमूट राहते म्हणून पदराला बोलता येते, हे कुणी निराळे सांगावे लागले नाही. प्राचीनांनी चित्राच्या सहा अंगांत जिला लावण्ययोजना म्हटले, ती उधन्याच्या त्या खोलीत एका शालूच्या घडीतून उलगडली.

फलक तसाच झाला. साडीच्या अंगासारखी गर्द हिरवी, मोकळी जमीन. पदराच्या जागी एकच भव्य श्रीफळ, मोत्यांची नथ, रुंद कुंकू. आणि चहूबाजूंच्या काठात कार्यकारिणीचे सारे चेहरे, बुट्ट्यांसारखे एकमापी.

तो चौकात चढला तेव्हा अण्णा गावाहून परतत होते. गोपालराव मुलांसह मंडळाच्या सज्जात उभे होते. सुंदराबाईही आल्या होत्या, शालू घरी न्यायचे निमित्त करून. समोर रिक्षा थांबली. अण्णा उतरले, वर पाहिले, आणि भर रस्त्यात पायांतल्या चपला काढून त्यांनी हात जोडले. मागून टेम्पोवाला भोंगा वाजवीत राहिला.

“दिसली,” हर्षदा हळूच म्हणाली.

मग अण्णांनी चपला घातल्या, खिशातून चष्मा काढला आणि खालूनच अहिराणीत विचारले, “गोपाल, मन्हा फोटो कोठे शे?”

“काठात, अण्णा. डाव्या हाताला.”

“काठात? अध्यक्षाला काठात टाकलं?”

“साडी घेताना तुमच्या घरी काकू आधी काय बघतात?” हर्षदाने वरून विचारले.

“काठ,” अण्णा नाइलाजाने म्हणाले. “पण जरा मोठा चालला असता.”

“एक बुट्टी मोठी झाली तर तुम्ही काय करायचात, अण्णा?” गोपालरावांनी विचारले. अण्णांची सारी नोकरी मिलमध्ये कापड तपासण्यात गेली होती.

अण्णांनी मान वाकडी करून काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला, जसे ते एकेकाळी थान तपासत. “माल पास,” ते म्हणाले. “खजिनदार पण आहे. बरं झालं.”

जिना चढून त्यांनी खोलीची किल्ली गोपालरावांच्या हातावर ठेवली आणि टेबलाकडे पाहिले.

“पपई संपली का?”

“आज समतोल नव्हता, अण्णा,” अमित म्हणाला.

“मग उद्या ठेवा,” म्हणत अण्णा बाकावर टेकले.