दोन्ही नळ्यांतलं आभाळ

दिवाळीची वाट बघणारी पोरं वेगळी. मी वाट बघायची ती खंडेनवमीची! दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची असतात. कळंब्याजवळच्या आमच्या उसातले कोयते, खुरपी, नांगराचा फाळ असं सगळं धुऊनपुसून घराच्या पुढच्या सोप्यात पाटांवर मांडलं जायचं, आणि मधल्या पाटावर वडिलांची दुनळी बंदूक. एरवी ती आमच्या नजरेलासुद्धा पडत नसे.

उसात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी वडिलांनी ती घेतली होती. ती घरात आली तेव्हा मी रांगत होते म्हणे, आणि आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती. 'काडतुसांच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला राहील, आणि बंदूक रिकामी आहे हे पोरांच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी तिला कुंकू लावणार नाही,' या तिच्या अटी. वडिलांनी त्या मान्य केल्याच, वर त्यांचा सोहळा करून टाकला. अंगणात येऊन ते बंदूक बिजागरीपाशी मधोमध मोडून उघडायचे, नळ्या वर करायचे आणि मला मागच्या बाजूने डोळा लावायला सांगायचे.

"आभाळ दिसतंय काय गं?"

काय दिसायचं म्हणून सांगू! दोन गोल, झगझगीत आभाळं, आणि नाकात तेलाचा वास. मी "दिसतंय!" म्हणून अशी ओरडायचे की गोठ्यातली म्हैस दचकायची. मग आई कुंकू लावायची. माझ्या होकारावाचून घरचा सण अडतो, याचा मला भयंकर माज होता.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या खंडेनवमीला नेसरीहून वडिलांचे थोरले भाऊ आले, स्वतःच्या जीपमधून, मांडीवर बंदूक घेऊन. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पंचक्रोशीत नावाजलेले शिकारी! त्यांनी सरळ सोप्यात येऊन आपली बंदूक आमच्या बंदुकीशेजारी ठेवली. आमच्या अंगात नुसतं वारं शिरलं. एकीला दोन बंदुका! सजवायचं काम आम्हा पोरांचंच असायचं. मी आबांच्या बंदुकीच्या चापाभोवती झेंडूची माळ गुंडाळायला बसले आणि माझा तीन वर्षांचा भाऊ समोर फतकल मारून उजव्या नळीच्या तोंडात फूल कोंबू लागला.

आई तबक घेऊन आली. कोयत्याला कुंकू लावलं, फाळाला लावलं, आमच्या बंदुकीला लावलं. आबांच्या बंदुकीपाशी तिचा हात थांबला. थोरल्या दिरासमोर ती कधी तोंड उघडत नसे. डोक्यावर पदर, बोटावर कुंकू, आणि ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?" आबांनी वडिलांना विचारलं.

वडील खाकरले. "दादा, पोरीनं आभाळ बघितल्याबिगार आमच्यात पूजा व्हत न्हाय."

"म्हंजे? माझी बंदूक ही चिमुरडी तपासणार? मी काय काल शिकलोय व्हय?"

थोरल्या भावाला उलट बोललेलं मी वडिलांना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हे गप्प बसणार आणि आई बोट पुढे करणार. पण आई हलली नाही, आणि वडील म्हणाले, "तुमी कवाचं शिकलाय, ठावं हाय मला. पर पोरं माझी हाईत की."

आबा ताडकन उठले. बंदूक उचलली, तशी माळ खाली पडली. नळीतलं फूल उपटून त्यांनी माझ्या भावाकडे फेकलं आणि तरातरा अंगणात गेले. आमच्यावरची नजर न काढता त्यांनी बंदूक मोडली, नळ्या आभाळाकडे केल्या आणि गरजले, "ये गं! बघ!"

मी धावत गेले. डाव्या नळीत आभाळ होतं. उजवीत पितळेची चकती.

"आबा, एकीत आभाळ न्हाय."

त्यांनी खाली बघितलं. तेवढा रुबाबदार माणूस, त्यांचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. त्यांनी काडतूस बाहेर काढलं. "वाटंत घाटात डुक्कर आडवं येतंय म्हणून भरलती," ते म्हणाले, "इसरलो." मग अंगणातच मटकन बसले. चापाभोवती माळ गुंडाळताना बोटांना लागलेला लोखंडाचा गारवा मला तेव्हा पुन्हा जाणवला.

वडिलांनी काडतूस घेऊन आईच्या हातात दिलं.

थोड्या वेळाने आबांनीच नळ्या पुन्हा वर केल्या. "आता बघ, बाळ."

"दिसतंय! दोन्हीत दिसतंय!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारपाजारचे दारात आले. मला हसू येत होतं आणि रडूही. भाऊ मधे घुसून उड्या मारू लागला, "मला पन, मला पन!" वडिलांनी त्याला उचलून घेतलं आणि त्याचा डोळा उजव्या नळीला लावला.

"दिसतंय!" तो ओरडला. त्याच्या मुठीत ते झेंडूचं फूल अजून तसंच होतं.