पापणीवरचा अंगठा

पौडच्या आरोग्य प्रदर्शनात डॉक्टरनं छडी माझ्या बायकोच्या डोळ्यावर टेकवली. फोटोतल्या. खरी ती माझ्या शेजारी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

फोटो आमच्या गावी, नेऱ्यात, आमच्या दारातच काढलेला. पुण्याहून पाहणीला माणसं आली होती. गरिबानं काय खावं ह्याचं सरकारी धोरण ठरवायचंय म्हणाली. चुलीपुढची आमची भाकरी तराजूत तोलली. हिला चार पावलं चाललं की धाप लागायची. तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून धरली. आत पांढरंफटक. तसाच फोटो घेतला. औषध पाठवतो म्हणाले. आम्ही वाट बघितली. औषध आलं नाही. फोटो मात्र पौडला लागला.

हिनं जन्मात स्वतःचा फोटो पाहिला नव्हता. माझा दंड धरून म्हणाली, "अवं, ही मी हाय! खाली काय लिवलंय? वाचा की."

मी दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षर लावत लावत मोठ्यानं वाचलं, "अज्ञानामुळे होणारा आजार."

वाचून झाल्यावर कळलं काय वाचलं ते. तिचा हात माझ्या दंडावरून सुटला, तिनं पदर तोंडावर ओढला.

मागं एक बाई हसली. "अगं बया, फोटूत गेलीस की!"

डॉक्टरचं चालूच. "या बायकांच्या रक्तात लोह नाही. रोज हिरवी पालेभाजी खायची. आपल्याच रानात उगवते. पण यांना कोण समजावणार?"

आपल्याच रानात! मालकाच्या मळ्यातली मेथी हीच खुडायची. दिस मावळताना मुकादम बायकांच्या ओट्या झाडून घ्यायचा. चार काड्या निघाल्या म्हणून हिला सगळ्यांदेखत पदर झटकायला लावला होता.

माझं तोंड उघडलं. "सायब, तुमी आमची भाकर तोलली. मळ्यातनं पुण्याला मेथी जाती, ती गाडी तोलली का?"

"इथं राजकारण नको. बाजूला व्हा."

"न्हाई व्हत."

मी फोटो भिंतीवरनं ओढून काढला. शिपाई धावला. तर हीच मधे आली. तोंडावरचा पदर मागं सारला, धापा टाकत म्हणाली, "त्वांड माझं हाय. मी घरी न्हेणार."

शिपाई थबकला. आम्ही निघालो.

पुढल्या पेरणीआधी ती गेली. तिचा दुसरा फोटो नाही. पापणी ओढलेली, गालावर परक्याचा अंगठा, तेवढीच उरली माझी बायको. सून म्हणते, "मामा, अंगठा कापू, चौकटीत लावू." कापू देत नाही. राहू दे तो.

आता सुनेला धाप लागते. तीही त्याच मळ्यात खुडायला जाते. पाहणीवाले पुन्हा येणार म्हणतात, तराजू घेऊन. येऊ देत. आधी मालकाच्या बांधावर उभं राहावं, मेथीची गाडी तोलावी, ओट्या कोण झाडतं ते लिहावं. तोवर माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आणि सुनेच्या पापणीकडं अंगठा गेला, तर तो मी धरणार. सोडणार नाही.