जुन्या एपीआयचं शेवटचं गिऱ्हाईक

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणतात. नाव मीच पाडलं, आणि ते तिला आवडतंही. बस आत्ता कुठे पोहोचली हे आमच्या वेबसाइटवर दिसतं. तीच माहिती बाहेरच्या प्रोग्रामरना आपापल्या अ‍ॅपमध्ये घेता यावी म्हणून कंपनीने एपीआय उघडला. ठरलेल्या पद्धतीने विचारा, ठरलेल्या साच्यात उत्तर मिळेल. विचारायला किल्ली, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक, लागते, ती कुलूपबाई देते, आणि देताना पोलिसासारखी उलटतपासणी घेते. पण एकदा दिली की साचा बदलण्याआधी प्रत्येकाला स्वतः फोन करते. ईमेल कोणी वाचत नाही, हे तिचं ठाम मत.

यंदा जुना साचा बंद करायचं ठरलं. सगळे नव्यावर गेले, एक किल्ली सोडून. त्या किल्लीवरून सारखी एकाच थांब्याची बस विचारली जात होती, आणि मालकाचा फोन काही लागेना.

"एका गिऱ्हाइकासाठी हे लोढणं किती दिवस ओढायचं?" साहेब म्हणाले. "शुक्रवारी बंद."

त्यांचंही चुकत नव्हतं. पण ही ऐकते कसली! अर्जावरच्या पत्त्यावर निघाली. गाडी माझी, म्हणून मीही.

दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर एक डबी होती आणि तिला छोटा दिवा. बस जवळ आली की दिवा लागायचा. आईचे गुडघे दुखतात, तिला थांब्यावर ताटकळावं लागू नये, म्हणून मुलाने केलेला. मुलगा गेल्या वर्षी आजारपणात गेला; किल्ली आणि फोन त्याच्याच नावावर.

"आता बसने कुठे जाता?" मी विचारलं.

"कुठेच नाही. पण दिवा लागला की बरं वाटतं."

 कुलूपबाईने सरळ सांगितलं, "काकू, शुक्रवारी हा बंद पडेल. चालू ठेवायचा तर आतला प्रोग्राम बदलावा लागेल."

"म्हणजे त्याने लिहिलेलं पुसणार?"

"एकच ओळ. बाकी सगळं त्याचंच राहील."

तिने डबीतलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. पडद्यावर मुलाचा प्रोग्राम उघडला. बाई पडद्याकडे वाकल्या.

"यातली कुठली?"

कुलूपबाईने बोट ठेवलं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"आधी मला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या, "मग बदला."