मिस्त्रींच्या वतीने

त्या घरातला प्रत्येक फॉर्म मिस्त्रीणबाई भरायच्या आणि खाली सही तेवढी मिस्त्री करायचे. बँक असो, विमा असो, मुलीची शाळा असो. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस कागद दिसला की बायकोकडे सरकवायचा. शिलाई मशीन थांबवून बाई कुरकुरत लिहायच्या. पण दुसऱ्या कुणी फॉर्म भरलेला त्यांना खपतही नसे.

एकदा मिस्त्री लिफ्टच्या टपावर चढले आणि स्टॉपचं बटण दाबायलाच विसरले. लिफ्ट चालू झाली. जिवावरचं होतं ते एका मोडलेल्या बोटावर निभावलं, पण कंपनीने त्यांना मानसोपचार केंद्रात धाडलं. माइंडफुलनेसचा, म्हणजे हातातल्या कामावर लक्ष ठेवायला शिकवणारा कोर्स करा, लक्ष सुधारल्याचा आकडा आणा, मगच कामावर या.

पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर प्रश्नावली हातात आली आणि सवयीने शेजारी सरकली. ‘समोरचा बोलत असताना माझं लक्ष भलतीकडे असतं.’ बाईंनी खूण केली: नेहमी. ‘जेवताना आपण काय खातोय याकडे माझं लक्ष नसतं.’ नेहमी. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पेन थांबेना. मिस्त्रींनी न वाचता सही ठोकली.

आतल्या मानसतज्ज्ञ मॅडम वयाने लहान होत्या. त्यांनी एका उत्तराबद्दल विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, “ते हिला विचारा.”

“काका, हे स्वतःबद्दल स्वतःच सांगायचं असतं,” म्हणत मॅडमनी कोरा कागद दिला. मिस्त्रींनी सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली. म्हणजे पैकीच्या पैकी गुण. खोटं बोलले नव्हते बिचारे. ज्याचं लक्षच नसतं, त्याला ते नसल्याचं कळणार तरी कसं?

मग डोळे मिटून बसणं, श्वासाकडे बघणं सुरू झालं. घरी जेवता जेवता मिस्त्री एकदा थांबले आणि म्हणाले, “आज मीठ जास्त झालंय.” बाईंना राग आला आणि मागाहून बरंही वाटलं.

शेवटच्या दिवशी बाईही आत शेजारी बसल्या होत्या, पण मिस्त्रींनी प्रश्नावली स्वतःच, बराच वेळ लावून भरली. मॅडमनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उतरला. गुण मिस्त्रींनी आधी स्वतः भरलेल्या कागदापेक्षा पुष्कळ कमी आले होते.

“असं होतं कधीकधी,” त्या म्हणाल्या. “काकांना आता स्वतःच्या चुका दिसायला लागल्या असतील. किंवा लक्ष खरंच कमी झालं असेल. नुसत्या कागदावरून मला सांगता येत नाही, आणि कंपनीला तर आकडाच हवा.” त्यांनी फाइलमधून बाईंनी भरलेला कागद काढला. “याच्याशी ताडलं तर चांगली सुधारणा दिसते. पण ही उत्तरं काकांची नाहीत ना?”

बाईंना वाट दिसली. घरी बसलेला नवरा, थांबलेला पगार, सगळं एका वाक्यावर आलं होतं. “त्यांचीच आहेत,” त्या म्हणाल्या. “हे सांगत होते, मी फक्त खुणा केल्या.”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “हिने आपल्या मनाने भरलं. मी वाचलंसुद्धा नव्हतं.”

मॅडमनी कागद परत ठेवला आणि कंपनीला फोन लावला. कोर्स आणखी काही आठवडे चालणार, आणि तोवर मिस्त्रींनी लिफ्टवर न चढता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बसून, कमी पगारावर काम करायचं, असं ठरलं.

जिन्यात बाईंचा बांध फुटला. “गप्प बसायला काय झालं होतं? एरवी तर तोंडातून शब्द फुटत नाही तुमच्या.”

मिस्त्री एक पायरी खाली थांबले आणि वळले. “मलाच अजून खात्री नाही,” ते म्हणाले. “परवा माझ्याकडून गॅस चालू राहिला, ते तू सांगायच्या आधी माझ्या ध्यानात आलं. पण राहिला तर होताच. वर जाऊन पुन्हा बटण विसरलो, तर निरोप तुलाच येईल. फोन वाजला की तू शिवता शिवता थांबतेस. बघतो मी.”

बाईंना रडू आलं. ही धास्ती त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. आणि मघाशी आत खोटं बोलताना त्यांना स्वतःलाही ती आठवली नव्हती.