वाळवंट, रिक्षाने दहा मिनिटं

प्रवासाला निघताना मी सामान नेहमी जास्त घेतो. गेल्या हिवाळ्यात जैसलमेरला गेलो तेव्हा दोन थर्मास, गुडघ्याचे पट्टे आणि उंटावर बसायला घरची उशी घेतली होती. महिन्यापूर्वीच्या प्रवासाला मात्र टोपी, पाण्याची बाटली आणि एकच पट्टा, कारण दुसरा जैसलमेरलाच राहिला. अंतर होतं मुलुंड पश्चिमेतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकापासून मागच्या डोंगरापर्यंत. याचं प्रवासवर्णन लिहिणार म्हटल्यावर बायको म्हणाली, "एवढ्याशा वाटेचा काय लिवतलात? लोकां भाजी आणूक ह्येच्यापेक्षा लांब जातत."

ती बोलली ते एका अर्थी खरंच होतं, कारण सगळं भाजीवरूनच सुरू झालं.

आमच्या फाटकाशी ठमाबाई बसते. डोंगरावरच्या पाड्यातली वारली बाई, वय माझ्याएवढंच, म्हणजे पासष्टीच्या आसपास. मे महिन्यात करवंदं आणते आणि जूनच्या तोंडावर शेवळं (वळवाच्या सरी पडल्या की जमिनीतून थेट वर येणारे जांभळट कोंब, काकड नावाची आंबट रानफळं घालून शिजवले नाहीत तर घसा खाजवतात, आणि नीट शिजवून कोलंबीत घातले तर माणूस जेवता जेवता गप्प होतो). आणायची, असं म्हणायला हवं. गेली तीन वर्षं तिच्या पाटीत शेवळं नाहीत. मी दरवर्षी कुरकुर करतो. यंदाही केली.

"ठमाबाई, हल्ली जंगलात फिरायचा कंटाळा येतो वाटतं तुला?"

तिने करवंदांवरची पानं सारखी केली. "साहेब, तुमी वाळवंट बघायला गेलता ना? वॉचमन सांगत होता, पडद्यावर फोटो पण दाखवले."

मी खूश झालो. फोटो मी तीनदा दाखवले होते: सोसायटीच्या हॉलमध्ये, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आणि मेहुण्याच्या घरी, जिथे दोन जण झोपले.

"मग आमच्याकडचं पण बघून या. जवळ पडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने माझ्या पायातले जाड तळव्याचे बूट पाहिले. "काका, ट्रेकिंग?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अभ्यासदौरा." ठमाबाई रस्त्याकडे बघत राहिली.

डांबरी रस्ता संपतो तिथे जंगलाच्या भिंतीअलीकडे एक उतार आहे. तो मला परका नाही. आमच्या सकाळच्या फेरी मंडळाचा मी अध्यक्ष, आणि आमची फेरी त्याच उताराच्या पायथ्याशी संपते. पण रोजच्या फेरीत वर कधी चढत नाही, कारण वर बाकडी नाहीत. यावेळी चढलो आणि विसाव्या पावलाला घसरलो. पायाखाली माती नव्हतीच, नुसती बारीक खडी. मी बसक्या अवस्थेत चार हात खाली आलो आणि पँट मागून फाटली. वाळवंटासाठी म्हणून घेतलेले बूट वाळवंटातच कामाला आले नाहीत, ही तक्रार मी मनातच ठेवली.

ठमाबाई चपलांवर वर उभी होती. "बसलातच हाय, तर बघा नीट."

बघितलं. सागाची झाडं होती, पण त्यांची मुळं गुडघाभर उघडी पडली होती, जणू झाडं चालत निघाली होती. मध्ये टणक, भाजल्या मातीसारखी जमीन. पावसाच्या पाण्याने कापलेल्या घळी. नुकत्याच वळवाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या, तरी गवताची काडी नव्हती. मला एकदम जैसलमेरचा तिसरा दिवस आठवला. आमची बस एका दगडगोट्यांच्या उजाड माळावर थांबली होती आणि आम्ही सगळ्यांनी चालकाकडे तक्रार केली होती की हे कसलं वाळवंट, इथे वाळूच नाही. तो म्हणाला होता की इथे त्याच्या आजोबांची गुरं चरायची. आम्ही त्याला वाळूच्या टेकड्यांकडे चल म्हणून घाई केली. त्या माळाचा मी एकही फोटो काढला नाही.

"हितं शेवळं यायची," ठमाबाई म्हणाली. "हितं, आन् त्या दगडापर्यंत. जूनमधे मी आन् माजी सून दोन पाट्या भरायचो. पोरांच्या वह्या-पुस्तकं त्याच्यातच. आता सून तुमच्याकडच्या बिल्डिंगीत भांडी घासते."

"पाऊस कमी झाला असेल," मी जाणकार आवाजात म्हटलं. "किंवा उष्णता. हवामान बदलतंय."

"पाऊस हाय तेवढाच हाय. आमचं पण चुकलं. लाकडं आमी तोडली, बकऱ्या पण चारल्या. पण त्यानं एवढं नव्हतं झालं." ती थांबली. "तुमी पाला न्यायला लागलात, त्याच्यानंतर झालं."

हे ऐकून मी जागच्या जागी गुडघ्याचा पट्टा घट्ट करू लागलो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षांपूर्वी अध्यक्ष झाल्यावर मी 'स्वच्छ टेकडी' मोहीम काढली. दर फेब्रुवारीत सागाची पानगळ झाली की आम्ही चाळीसेक माणसं खराटे घेऊन हा उतार झाडायचो. नुसतं झाडून मी थांबलो नाही. मी देवगडकडचा. आमच्याकडे भाजावळ करतात (भाताची रोपं टाकायच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेणी पसरून जाळायचं, म्हणजे रोप जोमाने येतं). लहानपणी मी वडिलांबरोबर केली आहे. तेव्हा इथेही पाल्याचे ढीग करून मी स्वतः काडी लावली, आणि भोवती जमलेल्या मुलुंडकरांना शेतीवर भाषण दिलं. वडिलांचा वाफा माजघराएवढा, सपाट, चहूबाजूंनी बांध घातलेला. हा अख्खा डोंगराचा उतार. हा फरक साठीला आलेल्या, मुंबईत चाळीस वर्षं राहिलेल्या शेतकऱ्याच्या लक्षात आला नाही.

"पहिल्या वर्षी तर किती हिरवं गवत आलं होतं," मी दुबळेपणाने म्हटलं. त्या गवतासमोर मंडळाचा फोटोही आहे.

"आलं ना. राखंवर येतंच. दुसऱ्या वर्षी निम्मं आलं. पाला नाय तर पाणी थांबणार कशावर? तसंच पळतंय, जाताना माती घेऊन. तिसऱ्या वर्षी वरचा काळा थर गेला. मंग दगड दिसाया लागले. मंग ऊन थेट मातीवर. मुंग्या गेल्या, गांडुळं गेली. आता बी पडलं तरी वाहून जातंय." तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटली.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले. दुसऱ्या वर्षी. तुमी मला खराटा दिलात आन् फोटोत उभं केलंत."

तो फोटोही माझ्याकडे आहे.

पाड्यावर तिने नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कोरा चहा दिला. फाटकी पँट लपवायला मी भिंतीला पाठ लावूनच बसलो आणि तसाच जेवलो. चटणी तिखट होती आणि भूक लाजेपेक्षा मोठी निघाली. दोन भाकऱ्या खाल्ल्या. विचारलं, आता काय करायचं? ती म्हणाली, पाला पडंल तिथं राहू द्या, काडी लावू नका, आणि घळीत दगड आडवे लावा. आणि शेवळं ज्यांतून उगवतात ते कंद? कंद राहिले नाहीत. मातीबरोबर गेले. कुठे गेले, ते तिला माहीत नव्हतं.

ते मला कळायला हवं होतं. उताराखाली नाला आहे आणि नाल्याला लागून आमची सोसायटी. दर जुलैत आमच्या पार्किंगमध्ये तांबडा गाळ शिरतो. मी दरवर्षी त्याबद्दल महापालिकेला कडक शब्दांत पत्रं लिहितो, आणि आमच्या माळ्याकडून, दत्तारामकडून, तो गाळ उचलून पंपाच्या खोलीमागे टाकून घेतो. परतीच्या रिक्षात हे दोन तुकडे डोक्यात एकमेकांना चिकटले. वरची जमीन माझ्या पार्किंगमधून गेली होती आणि मी तिच्याविरुद्ध तक्रार केली होती.

उतरल्यावर मी ठमाबाईला सरळ पंपाच्या खोलीमागे नेलं. चेंडू शोधायला जाणारी मुलं सोडली तर तिथे कुणी जात नाही. भंगार सायकली, फुटक्या कुंड्या आणि गाळाचा कमरेएवढा ढीग. ढिगावर सोसायटीच्या आंब्याचा पाला वर्षानुवर्षं साचलेला, कारण फेरी मंडळाच्या अध्यक्षांची नजर तिथवर पोचत नाही. आणि त्या पाल्यातून जांभळट कोंब वर आलेले. मी मोजले, नऊ.

ठमाबाई खाली बसली. तिने एका कोंबाला बोट लावलं. मग म्हणाली, "हितं आलीत होय."

मी शेवळं आजवर पाहिली ती जुडीत बांधलेली. ती उभी कशी दिसतात ते मला माहीत नव्हतं. पुढे पावसात त्यांचं पान येतं, त्याचा दांडा ठिपक्याठिपक्यांचा असतो, हे तिने सांगितलं तेव्हा ते दांडे ओळखीचे वाटले. गेली दोन वर्षं जुलैत तसले सापासारखे दांडे इथे दिसतात म्हणून सोसायटीतली मुलं घाबरायची, आणि दिसतील तेवढे उपटून टाकायचा हुकूम मीच दत्तारामला दिला होता.

"काढून देऊ? खाल?" ठमाबाईने विचारलं. "तुमच्या आवारातली हायत."

खोटं कशाला बोलू, कोलंबी डोळ्यांसमोर आली. मी नको म्हटलं. विचारलं, कंद वर नेऊन लावता येतील का? ती म्हणाली, येतील, पण आत्ता नाय. पान येऊ द्यायचं, कंद पोसू द्यायचा, दिवाळीच्या सुमाराला पान वाळलं की काढायचे. तोवर वर पाला टिकला पाहिजे आणि इथे कुणी हात लावता कामा नये. मंडळाची फेब्रुवारीतली मोहीम मी रद्द केली आहे. दोघांनी राजीनामे दिले, एकाने मला म्हातारचळ लागल्याचं सांगितलं. नऊ कंदांनी डोंगर भरत नाही, हे मलाही कळतं. पण मी बिघडवलेल्यातलं परत देता येण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

जैसलमेर इथून फार लांब आहे आणि तिथे जाऊन मी काही शिकलो नाही. सध्या माझी सकाळची फेरी पंपाच्या खोलीपर्यंत होते. तिथे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतो. काल ठिपक्यांचे दांडे वर आलेले पाहून दत्ताराम विळा घेऊन आला आणि मला पाहून बिचकला.

"साहेब, तुमीच सांगितलेलं ना उपटायला?"

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच बसलोय."