भालेराव मॅडम आणि कुलुपातली कॉम्प्युटर लॅब

भालेराव मॅडमना नोटीस मिळाली तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या एकानंही तोंड उघडलं नाही.
आज त्याच सगळ्यांच्या स्टेटसला मॅडमचा फोटो आहे.

माझ्याही.

मॅडम आज सकाळी गेल्या.

माळेगावच्या पुढं आमचं हायस्कूल. मी गणित शिकवते, त्या भूगोल शिकवायच्या. मूळच्या इंदापूरच्या, राहायला जळोचीत.

शाळेत कॉम्प्युटर लॅब होती. म्हणजे कुलूप होतं आणि आत कॉम्प्युटर होते.
तपासणीला साहेब आले की कव्हरं निघायची. दसऱ्याला झेंडूचे हार पडायचे. पोरं चपला बाहेर काढून, हात मागं बांधून नुसती बघून यायची.

करारावरचे कॉम्प्युटर सर सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आम्हाला तेच बरं होतं.
सिलॅबस संपत नाही. लाइट नसते. ट्रेनिंग नाही.
खोटं. ट्रेनिंग झालं होतं. चहा पिऊन, सर्टिफिकेट घेऊन आलो होतो.
खरं कारण एकच. पोरांसमोर माऊस हातात धरायची आम्हाला भीती वाटायची.

मॅडमनी किल्ली मागितली. मुख्याध्यापकांनी विचारलं, काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची?
मॅडमनी फुलस्केप घेतला, "जबाबदारी माझी" असं लिहिलं, खाली सही केली.

आठवीला घेऊन गेल्या. उपग्रहाच्या फोटोत पोरांनी निरेचा कालवा शोधला, मग आपापली वस्ती, मग गोठा.
दुसऱ्या दिवशी पुढचा तास कधी म्हणून अख्खा वर्ग स्टाफरूमच्या दारात.

मग त्या आमच्या मागं लागल्या. भाषण नाही. एकेकाला गाठून विचारायच्या, कुठला धडा शिकवायचा कंटाळा येतो?
मी म्हणाले, वर्तुळ.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून भूमितीचं एक फुकटचं सॉफ्टवेअर शिकवलं. मी म्हटलं, मुलांसमोर चुकले तर?

"चुकू दे की, वैशाली. मॅडमबी शिकत्यात, एवढं तरी कळंल पोरांना."

चुकले. दोनदा. पोरं हसली, आणि त्यांनीच सांगितलं कुठं क्लिक करायचं ते.

त्या वर्गात कोमल होती. मागच्या बाकावरची, वर्षभरात एकदाही हात वर न केलेली. अर्धवर्तुळावरचा बिंदू ती माऊसनं इकडून तिकडं ओढत बसली होती. बराच वेळ. मग म्हणाली,
"मॅडम, ह्यो कुठंबी वढला तरी कोन नव्वदचाच ऱ्हातोय."

हे वाक्य मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहून देत आले. त्या पोरीनं ते स्वतः शोधलं.

दिवाळीपर्यंत विज्ञानाचे सर यायला लागले, इंग्रजीच्या मॅडम यायला लागल्या. लॅबच्या तासासाठी आमची भांडणं व्हायला लागली, तेव्हा मॅडमनी टाइमटेबल करून दारावर चिकटवलं.

आणि एका दुपारी वीज वरखाली झाली. दोन मशीन जळाली.

तास माझा होता.

शाळा समितीची मीटिंग बसली. अध्यक्षांनी विचारलं, त्या वेळी आत कोण होतं?
मॅडम म्हणाल्या, "कागदावर सही माझी हाय."
माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी मान खाली घालून हजेरीपत्रक चाळत बसले.
लॅबचं वायरिंग खराब आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकजणही बोलला नाही.

नोटीस मॅडमना. "बेजबाबदार वर्तन." लॅब बंद.
जूनमध्ये त्यांची बदली संस्थेच्या इंदापूरकडच्या शाखेत. रोज दोन एसटी बदलून जायच्या. तिथली लॅबही त्यांनी उघडली. तिथले शिक्षक मात्र त्यांच्या मागं उभे राहिले.

मागच्या वर्षी त्या आजारी असल्याचं कळलं आणि मी जळोचीला गेले. हातात डाळिंबं. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलले, मग सांगून टाकलं. मॅडम, तो तास माझा होता.

"म्हायती हाय मला. टाइमटेबल मीच लावलं हुतं."

मला रडू आलं. त्यांनी ते थांबू दिलं. मग विचारलं, पोरांना नेतेस का आता लॅबमध्ये?
मी म्हटलं, बंदच आहे ती.

"मग हितं कशाला आलीस?"

रागानं नाही म्हणाल्या. खरोखर विचारत होत्या.

सोमवारी मी लॅब उघडायचा अर्ज दिला. सही माझी. वायरिंग नवं करून घेईपर्यंत ऑफिसात रोज जाऊन बसले. आता दर शुक्रवारी माझी दहावी लॅबमध्ये असते.
पहिल्या तासाचा फोटो मॅडमना पाठवला. शाबासकी नाही. उत्तर आलं, "मागची पोरगी उभी का हाय? तिला बसायला दे."

आज शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष तेच. म्हणाले, तंत्रस्नेही शिक्षिका हरपली.
नोटिशीवर ज्यांची सही होती, त्यांच्या तोंडून हे ऐकलं. सगळ्यांनी माना हलवल्या. दोन मिनिटं उभे राहिलो आणि शाळा सोडून दिली.

माझ्या सहकाऱ्यांनो, वर्षभर तुम्ही त्या दारावरून येता जाता. आत माझा एकच वर्ग असतो. बाकीचे तास रिकामे आहेत, आणि लॅब कुणी वापरू नका असं आता कुणीही म्हणत नाही. मग कशाची वाट बघताय?
तुमच्या वर्गातली कोमल यंदा दहावी होऊन निघून जाईल. तिला काय येत होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

स्टेटस चोवीस तासांत जाईल. उद्या एक तास घ्या. काही अडलं तर मला हाक मारा. मलाही येईलच असं नाही. मग पोरांना विचारू.

दुपारी जळोचीला मॅडमना निरोप दिला. इंदापूरकडचे त्यांचे शिक्षक झाडून सगळे आले होते. आमच्या शाळेतून आम्ही तिघं.

मॅडम, उशीर केला मी. माफ करा.

अखेरचा जय भीम.