मावशींचा भाताआधीचा प्रश्न

मुरबाडच्या डोंगराकडच्या आमच्या आश्रमशाळेत हिरूमावशी स्वयंपाक करायच्या. मूळच्या शहापूरकडच्या, विधवा, अंगाने काटक. मुलीचं ताट पुढे आलं की भाताचा डाव तसाच धरून विचारायच्या, "आज बरं काय झालं गो?" उत्तर आल्याशिवाय भात पडत नसे. "माजी वेणी नीट बसली," "गनितात बाई वरडल्या नाय," असलं काहीही चाले. कुणी फुशारकी मारली की मावशी दटावायच्या, "बारकं सांग. मोठं रोज कुठलं येतंय?"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी तिथे शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा माझे यजमान नुकतेच गेले होते. मला हा प्रकार निव्वळ रिकामटेकडेपणाचा वाटे. एकदा माझ्या ताटावरही डाव थांबला. मी तुटकपणे म्हटलं, "काही नाही."

"मंग मी सांगते," मावशी म्हणाल्या. "आमटीत मीठ कमी हाय, असं काल बोललात. जूनपास्नं जेवताय, पयल्यांदाच चव लागली तुमाला. ते बरं नाय काय?"

मी ताट घेऊन खोलीत गेले आणि पोटभर रडले. दुसऱ्या दिवसापासून मीही मुलींच्या रांगेत उभी राहू लागले.

पुढच्याच वर्षी सोमीचं ते प्रकरण झालं. चौथीतली पोर. तीन दिवस तिच्या पोटात दुखत होतं, पण रांगेत ती रोज काहीतरी बरं सांगे आणि अर्धा भात शेजारणीच्या ताटात सरकवी. मी ते पाहिलं होतं. घरची आठवण येत असेल म्हणून सोडून दिलं, याची टोचणी मला आजही आहे. चौथ्या सकाळी तिला उठवेना. मुरबाडला दवाखान्यात नेताना जीपमध्येच ती गेली. तिची मैत्रीण रडत म्हणाली, "मावशी बरं तेच इचारते. दुखतं ते सांगायचं नसतं, असं बोलायची ती."

मावशींनी विचारणं बंद केलं. पोरी मुकाट्याने जेवून उठू लागल्या.

पंधरा दिवसांनी सोमीची आई तिची पत्र्याची पेटी न्यायला आली. मावशी तिच्या पायाशी बसल्या. "माज्यामुळं गेली गो तुजी पोर."

त्या बाईने हातातली पेटी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला रोज काय सांगायची ती?"

मावशींना सगळं पाठ होतं. ओढ्यात खेकडा गावला. लाल रिबीन मिळाली. बाईंनी वहीवर बरोबरची खूण केली. मावशी थांबल्या की आई म्हणे, "आनी?" ऐकता ऐकता दोघींच्या डोळ्यांना धार लागली. पेटी डोक्यावर घेताना आई म्हणाली, "इचारीत जा पोरींना. पन कुठं दुखतं, ते आदी इचार."

नोकरी सुटेपर्यंत मावशींनी याच क्रमाने विचारलं. दुखण्याची उत्तरं लांबत जात आणि मावशी डाव खाली ठेवून ऐकत. रांग संपेपर्यंत भात पार गार होई. एकाही मुलीने कधी तक्रार केली नाही.